एका ठोक्याला दोन

तिसऱ्या किकला इंजिन लागलं आणि कानसेनने सवयीने डोळे मिटले. जुळणीच्या वेळी आत चोपडलेलं तेल जळून सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, आधी नाकात शिरला, मग शर्टात, मग विरळ झाला. कानसेनने डाव्या हाताचा तळवा टाकीवर टेकवला आणि ऐकलं. धप, धप, धप, धप. जाड, गोल, एकमेकांत न मिसळणारे ठोके, आणि दोन ठोक्यांच्या मधे धुतलेल्या चादरीसारखी स्वच्छ शांतता. साठी ओलांडली, पण इतकं शांत इंजिन आपल्या हातून आजवर झालं नव्हतं असं त्याला वाटलं, आणि छातीत कुठेतरी एक आटा सैल झाला. त्याने डोळे उघडले. समोर भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. गाडी त्यांची, म्हणजे मूळची त्यांच्या वडिलांची, ते गेल्यावर त्यांच्याकडे आलेली. शाळेतून परस्पर आल्या होत्या, खांद्यावरच्या पिशवीतून गुंडाळलेला नकाशा बाहेर डोकावत होता. त्या हसत होत्या, पण मान जराशी कलती करून. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते हेरावं तशा. "काका," त्या म्हणाल्या, "ही बारीक टिकटिक असतेच का?"

"कुठली?" असं तो बोलून गेला आणि बोलता बोलताच त्याला कळलं की हा प्रश्न त्याने विचारायचा नव्हता. चाळीस वर्षं हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत आलं होतं आणि उत्तर तो देत आला होता. बाईंनी बोट दाखवलं, इंजिनाच्या दिशेने, जरा वरच्या बाजूला. त्याने मान डोलावली. "नवं काम आहे, बाई. आतले भाग अजून एकमेकांना परके आहेत. बसेल हळूहळू." इतक्या सहज बोलला की त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं. "पहिले पाचशे किलोमीटर मीच चालवतो. चाळिसाच्या वर न्यायची नाही, एकाच वेगात ताणायची नाही. मग घेऊन जा, आणि कुठे जायचं तिथे जा." बाई म्हणाल्या, "मला घाटरस्त्याने जायचंय, बाबा जायचे तसं." आणि निघून गेल्या. त्याने इंजिन बंद केलं. मग पुन्हा चालू केलं, उकिडवा बसून कान अगदी जवळ नेला, इतका की गालाला गरम हवा लागली. धप, धप, धप. बाकी काही नाही.

कानसेन हे नाव त्याला वर्कशॉपच्या गल्लीने ठेवलेलं. गाणं ऐकणाऱ्याला म्हणतात तसं. फक्त हा गाण्याच्या वाटेला कधी गेला नव्हता, ऐकायचा ती इंजिनं. गाडी कोपऱ्यावर असतानाच हा आतून सांगायचा, "चेन सैल आहे, आणि मागच्या चाकाचं बेअरिंग महिनाभरात जाणार." लोक पैज लावायचे, हरायचे, चहा पाजायचे. ही विद्या त्याला वस्तादाने दिली होती. वस्तादाकडे वीतभर लाकडी दांडी होती, एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. "हाताने काम करतोस ते खरं," वस्ताद म्हणायचा, "पण हात लबाड असतो. त्याला काम संपवायची घाई असते. कानाला घाई नसते." त्या वेळी कानसेन चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल, गल्लीतल्या प्रत्येक आवाजाची त्याच्यापाशी ओळख होती. दुपारी वस्ताद पेंगायचा तेव्हा त्याच्या श्वासातली शिट्टीसुद्धा. आता त्या उकिडव्या अवस्थेत, गुडघे दुखत असताना, तो एकेक आवाज आठवून बघू लागला, घर सोडताना खिसे चाचपावेत तसा. किटलीची शिट्टी. केव्हा ऐकली होती शेवटची? बायको हल्ली चहा वेळेवर उतरवते म्हणून शिट्टी होत नाही, असं त्याच्या मनाने धरलं होतं. खिडकीतल्या चिमण्या. झाडं तोडली, गेल्या असतील. नातीचं फोनवरचं बोलणं. लहान आहे, तोंडातल्या तोंडात बोलते. गेली दोन वर्षं जग त्याच्याशी जरा हळू आवाजात, समजुतीने वागतंय अशी त्याची समजूत होती. आणि गेली दोन वर्षं त्याची इंजिनं शांत होत चालली होती. हात आता खरा पिकला, असं तो मनाशी म्हणायचा. एकदा बायकोलाही म्हणाला होता. ती काय म्हणाली होती ते मात्र आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी बाहेर काढली. खरं तर काढायला नको होती. पण गाडी न काढणं म्हणजे कारण सांगणं, निदान स्वतःला तरी, आणि ते त्याला जमेना. जुन्या रस्त्याला लागला. नवा रुंद रस्ता झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही, रनिंगच्या गाडीला तोच बरा. चाळिसापर्यंत न्यायची, मूठ सोडायची, तीसवर येऊ द्यायची, परत न्यायची. दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून इंजिन निववायचं. नव्या रिंगा आणि नवा घासलेला ब्लॉक, दोघांची खरबरीत अंगं एकमेकांना झिजवत झिजवत एकमेकांच्या मापाची होतात, त्याला रनिंग म्हणतात. पाचशे किलोमीटरांत जी सवय लागली ती त्या इंजिनाची जन्माची. एकतीस वर्षांपूर्वी याच गाडीचं रनिंग त्याने याच रस्त्यावर केलं होतं. बाईंचे वडील मोजणीदार होते, जमिनी मोजत गावोगाव हिंडायचे, इंजिन गावोगावची धूळ खाऊन झिजून बसलं होतं. त्याचं स्वतःचं वर्कशॉप नुकतं सुरू झालेलं, आणि हे पहिलं पूर्ण इंजिन. पहिल्या किकच्या वेळी मोजणीदार लेकीला कडेवर घेऊन उभे होते. इंजिन लागलं तेव्हा त्याने काय काय ऐकलं होतं! टॅपेटची चिवचिव, साखळीची सळसळ, कार्बोरेटरचा सुस्कारा, मोजणीदारांच्या खिशातल्या किल्ल्या, आणि त्या सगळ्याच्या वर त्या पोरीचं खिदळणं, काचेसारखं. "हिला आवडला आवाज," मोजणीदार म्हणाले होते. तेव्हा त्या आवाजाला इतके थर होते. आणि आता एकच थर, तळाचा. बाकीचे कुणी खरवडून नेले? त्याला वाटलं, तेव्हाचं इंजिन बोलत होतं, आताचं नुसतं श्वास घेतंय. वारा तोंडावर येत होता, पण वाऱ्याचाही आवाज नव्हता, नुसता दाब होता. दोन्ही बाजूंची शेतं सिनेमातला आवाज गेल्यावर पडदा हलत राहावा तशी सरकत होती.

तीस किलोमीटर झाल्यावर त्याने गाडी उभी केली, तपासायचं असतं म्हणून तपासलं, आणि बसल्या बसल्या त्याच्या बोटांना एकदम ते आठवलं. पिस्टनची पिन. पिस्टन आणि दांडा यांना जोडणारी ती जाड पोलादी पिन आडवी सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची एकेक बारीक कडी बसवतात, त्याला लॉक म्हणतात. कडी पक्कडीत दाबून खाचेवर न्यायची आणि सोडायची. खाचेत बसली की ती सांगते: टिक्. इतकाच आवाज, नखावर नख वाजावं एवढा. वस्तादाने हेच पहिलं शिकवलं होतं, "दिसतं त्यावर विसंबू नकोस, तिथे तेल असतं, अंधार असतो. टिक् ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही." या इंजिनाची लॉकं बसवताना आपण टिक् ऐकलं का? त्याने आठवायचा प्रयत्न केला. हात काढल्याचं आठवत होतं. आणि त्याच्यामागून, नको असलेला पाहुणा दार न वाजवता आत यावा तसा, बेकरीवाला आठवला.

बेकरीवाला पहाटे पावाचे ट्रे मागे बांधून दुकानोदुकानी जायचा. गेल्या वर्षी त्याचं इंजिन कानसेनने नवं केलं. तीन आठवड्यांनी उतारावर ते चालत्या गाडीत जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडलं, आणि तो खांद्यावर पडला. त्याचा भाऊ गाडी टेम्पोत घालून घेऊन आला होता. कानसेनने ब्लॉक उघडला, आत उभा ओरखडा, एक लॉक मोडून तुकडे झालेलं. त्या दणक्यात मोडलं असणार, असं त्याने ठरवलं आणि भावाला म्हणाला, "तेल कुठलं घालतो तो? रनिंगमध्ये असलं तेल घालून पळवलं की हेच व्हायचं." भाऊ मान खाली घालून ऐकत होता. कानसेनने परत सगळं नवं बसवून दिलं. लॉकसुद्धा. आपल्या हातांनी.

त्या दिवशी पुढे न जाता तो गाडी वळवून वीसच्या वेगाने घरी आला.

घरात पुढच्या खोलीत बायको शाळांचे गणवेश शिवत बसलेली असते. दारात उभा राहून तो बराच वेळ तिच्या मशीनकडे बघत राहिला. चाक फिरत होतं, पाय हलत होता, निळं कापड सरकत होतं. आवाज येत होता, पण लांबून, शेजारच्या घरातून यावा तसा. "अगं," तो म्हणाला, "उद्या येतेस का जरा फेरी मारायला? गाडीवर."

तिने पाय थांबवला आणि मागे वळून पाहिलं. "मला विचारताय? का माझ्यामागे कुणी उभं आहे?"

"तुलाच."

"अकरा वर्षांनी?" ती म्हणाली. "थांबा, तारीख लिहून ठेवते." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याआधी तयार होती, केस घट्ट बांधून. मागे बसली तेव्हा गाडी मागून किंचित दबली आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला, जुन्याच जागी, हाडाच्या वरच्या खळग्यात. लग्नानंतरच्या दिवसांत ती अशीच बसायची आणि अखंड बोलायची. तो इंजिन ऐकत असायचा आणि मधून मधून "हं" म्हणायचा. ती एकदा रागाने म्हणाली होती, "तुम्हाला पिस्टनचं बोलणं कळतं, माझं नाही." तेव्हा तो हसला होता. दोन्ही ऐकता येत होती तेव्हा एकच निवडलं, आता तेही हातचं चाललं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने मूठ जरा सोडली. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीतून बाहेर पडून दोनेक किलोमीटरवर चिंचेखाली त्याने गाडी स्टँडवर लावली. इंजिन चालूच ठेवलं.

"ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू?"

"जे येईल ते."

ती वाकली. तिच्या कपाळावर आठी पडली. बिनसलेली शिवण बघताना पडते तीच. "हे मोठं धपधप. ते तर कुणालाही ऐकू येईल. आणि वर एक बारीक टिकटिक. माझी सुई वाकली की खालच्या पट्टीला घासते ना, तशी."

"किती वेळा?"

"म्हणजे काय किती वेळा? भराभर वाजतेय."

त्याने कार्बोरेटरचा स्क्रू मागे घेतला, आणखी घेतला, इंजिन जेमतेम तग धरून राहील इतका. ठोके सुटे झाले. पुढचा पडतो की नाही अशी शंका यावी इतके. मग तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "माझ्या पाठीवर वाजवून दाखव. टिकटिक जशी वाजतेय तशी. बोटांनी." मग दोन बोटं त्याच्या पाठीच्या कण्याशेजारी आळीपाळीने पडू लागली. त्याने तळवा टाकीवर ठेवला. तळव्यात ठोका, पाठीत बोटं. हा एक ठोका, आणि तेवढ्यात तिची दोन्ही बोटं. पुन्हा एक, पुन्हा दोन्ही. झडप ढकलणारी टॅपेट असती तर ठोक्याला एकदाच वाजली असती, आणि दोन स्क्रू फिरवून काम झालं असतं. एका ठोक्याला दोनदा वर येतो तो फक्त पिस्टन. कित्येक महिन्यांनी, वर्षांनी, त्याला एक बारीक आवाज स्वच्छ कळला होता. कातडीतून, तिच्या बोटांतून. त्याने चावी फिरवली.

इंजिन थांबल्यावर ती दोन बोटं आणखी तीन-चार वेळा पडली आणि मग तळहात झाली. "तुम्हाला ती टिकटिक ऐकू येत नाही ना?" ती समोर येऊन म्हणाली. हल्ली ती नेहमी समोर येऊनच बोलायची, हे त्याला आत्ता उमगलं.

त्याने मान हलवली.

"दीड वर्ष तरी झालं असेल," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्हाला ऐकू आलं नाही."

ती हसली, तोही हसला, आणि हसता हसता तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत आणली. त्याने तिला वाटेत बेकरीवाल्याचं सगळं सांगितलं. मधे मधे धापा टाकत, आणि रस्त्याकडे बघत.

दुपारी त्याने ब्लॉक उचलला. एका बाजूच्या भिंतीवर केसाएवढी उभी रेघ होती; बोट फिरवलं तर नखाला जेमतेम लागेल अशी. डाव्या बाजूचं लॉक खाचेत अर्धंच होतं, आणि पिन तिथून बाहेर डोकावत होती. आणखी पाचशे किलोमीटर, फार तर सहाशे. मग घाटात, बाई गाडीवर असताना. त्याने हात पुसले आणि बेकरीला फोन लावला. बायकोने फोन कानाशी धरला, तिनेच विचारलं. भाऊ म्हणाला, गाडी उभीच आहे, त्या पडण्यानंतर कुणी चालवलीच नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. संध्याकाळी भूगोलाच्या बाई आल्या तेव्हा त्याने रेघ दाखवली, लॉक दाखवलं, आणि कानाकडे बोट दाखवलं. बाईंनी ती बारकी कडी बोटांत धरून पाहिली. "तुम्ही मला न सांगता बदलून टाकू शकला असता," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "काल तेच करणार होतो." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. गाडी मात्र त्यांनी तिथेच ठेवली.

चार दिवसांनी नवी लॉकं बसली. बायको शिवण टाकून आली आणि कामाच्या बाकाशी त्याच्या शेजारी वाकून उभी राहिली. त्याने पक्कड सोडली. ती म्हणाली, "नाही." त्याने पुन्हा दाबून सोडली. "नाही." तिसऱ्या वेळी तिने नुसतं बोट वर केलं. दुसऱ्या बाजूला पहिल्याच वेळी. त्यानंतर रनिंग पुन्हा शून्यापासून. रोज सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर, ती मागे. चाळिसाच्या आत. जुना रस्ता, बंद पडलेला जकात नाका, एके काळी जिथे दोघं पाणी प्यायला थांबायचे तो आता कोरडा नळ. ती बोलायची, शब्द कळायचे नाहीत, पण तिचं बोलणं तिच्या छातीतून त्याच्या पाठीत उतरायचं, आणि त्याला वाटायचं, पूर्वी आपण हेसुद्धा घेतलं नव्हतं. काही महत्त्वाचं असलं की ती खांदा दाबायची, मग तो गाडी कडेला घ्यायचा आणि वळून बघायचा. बहुतेक वेळा ते महत्त्वाचं नसायचंच. कुणाच्या तरी अंगणातली वाळत घातलेली गोधडी, एखादं घर जिथे पूर्वी दुसरं घर होतं. अकरा दिवस तो बेकरीचा रस्ता टाळून निघत होता. तिला ते कळत होतं. बाराव्या दिवशी चौकात तिने खांदा दाबला. तो थांबला, वळला. "आज डावीकडून," ती म्हणाली.

बेकरीत भाजक्या मैद्याचा वास कोंदला होता. तिघं-चौघं गिऱ्हाइकं उभी होती. बेकरीवाला गल्ल्यामागे होता. खालच्या फळीवरचे पाव स्वतः काढून देत होता, वरच्या फळीसाठी भावाला हाक मारत होता. कानसेन रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्याने काही मागितलं नाही. पिशवीतून ते अर्धवट बसलेलं लॉक काढून काचेवर ठेवलं. "तुझ्या इंजिनातलं नाही हे," तो म्हणाला, "पण तसंच. तुझंही असंच सुटलं होतं. मी नीट बसवलं नव्हतं. मी तुझ्या भावाला तेलाचं सांगितलं ते खोटं होतं. म्हणजे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं."

बेकरीवाल्याने त्या कडीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

कानसेनने बायकोकडे पाहिलं नाही. "मोठ्याने बोल," तो म्हणाला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. "मला ऐकू येत नाही."

"म्हटलं, नऊ महिने!" बेकरीवाला ओरडलाच. "नऊ महिने मी स्वतःला शिव्या घालतोय. चुकीचं तेल घातलं, स्वतःच्या हाताने खांदा घालवला म्हणून. बायको अजून बोलून दाखवते." त्याने डावा हात उचलायचा प्रयत्न केला. खांद्याच्या रेषेशी तो थांबला. "याचं काय करू?"

कानसेन तिथेच उभा राहिला. मागचं गिऱ्हाईक पाव न घेता निघून गेलं. बेकरीवाल्याने फडक्याने काच पुसली, कडीच्या भोवतीनं, कडीला न लागता. पुसून झाल्यावर फडकं खांद्यावर टाकलं आणि भावाला म्हणाला, "जरा बघ इथे." मग गल्ल्याचं लाकडी दार ढकलून बाहेर आला आणि मागच्या बाजूला चालू लागला, या म्हणाला नाही, पण थांबूनही राहिला नाही.

भट्टीच्या मागे, रिकाम्या ट्रेंच्या चळतीशेजारी गाडी उभी होती. अंगावर मैद्याचा आणि धुळीचा एकच थर, पुढचं चाक बसलेलं. कानसेन उकिडवा बसला. बायको त्याच्या शेजारी.

"काकूंना कशाला?" बेकरीवाल्याने विचारलं, मोठ्याने.

"ऐकायला," कानसेन म्हणाला. त्याने किकचा दांडा हाताने हळूहळू खाली दाबायला घेतला, आणि तिने सुटलेले केस कानामागे सारून इंजिनाशी डोकं नेलं.